शिकागोचा भाव आणि अहमदपूरची रास

डोनाल्ड ट्रम्प यांना मराठी माणसाने केव्हाच 'तात्या' करून टाकले आहे. मीममधून आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून हे नाव गावोगाव पोचले. लातूर–नांदेड रस्त्यावरच्या अहमदपुरातही चहाच्या हॉटेलात अमेरिकेचा विषय निघाला की बोलणे तात्यांवरच येते. खरीप संपत आला, सोयाबीनची रास होऊन कट्टे बाजाराला निघाले की या चर्चेला धार चढते. तात्यानं टॅरिफ लावला अन् आपलं सोयाबीन पडलं, असे एकाचे मत. चीनने अमेरिकेचा माल घ्यायचा थांबवला, आता आपला भाव चढणार, असे दुसऱ्याचे. तिसऱ्याला अमेरिका वगैरे काही पटत नाही. भाव पाडतो तो व्यापारी, यावर तो ठाम असतो.

तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे. पण वॉशिंग्टनमधला निर्णय अहमदपूरच्या शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीपर्यंत कोणत्या वाटेने येतो, वाटेत त्याला कोण अडवते आणि कोण पुढे जाऊ देते, हे नीट पाहिले तर चर्चेचा रोखच बदलतो. अमेरिकेचा परिणाम होतो, यात शंका नाही. तो बहुतेक वेळा दिल्लीमार्गे होतो.

मुळात हे पीकच अमेरिकेच्या ओळखीने आपल्याकडे रुजले. हिमालयाच्या उतारांवर काळे सोयाबीन पूर्वीपासून होते, पण तेलासाठी घ्यायचे पिवळे सोयाबीन वेगळे. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांबरोबर त्यावर काम सुरू केले. 'ब्रॅग', 'क्लार्क' अशा अमेरिकी वाणांच्या चाचण्या झाल्या. पीक आधी मध्य प्रदेशात पसरले. १९९४ साली आलेल्या जबलपूरच्या जेएस-३३५ या वाणाने महाराष्ट्रातली शिवारे व्यापली. परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस-७१ आणि राहुरीच्या विद्यापीठाचा फुले संगम हे त्यानंतरचे.

मराठवाड्यात मूग, उडीद आणि खरीप ज्वारी मागे सरली, काही ठिकाणी कापूसही हटला. साधारण साडेतीन महिन्यांत पीक हाती येते, त्यामागे हरभरा घेता येतो आणि दिवाळीच्या तोंडावर घरात पैसा दिसतो. कोरडवाहू शेतकऱ्याला यापेक्षा सोयीचे पीक सापडले नाही. लातूर ही राज्यातली सोयाबीनची प्रमुख बाजारपेठ झाली, तिच्या आसपास गाळपाचे कारखाने उभे राहिले. शिकागोत मुख्यालय असलेल्या आर्चर डॅनियल्स मिडलँड, म्हणजे एडीएम कंपनीनेही लातुरात गाळपाचा कारखाना घेतला.

आता सौदा जवळून पाहू. खरेदीदार पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतो. एखादा दाणा दाताखाली धरतो. कट्कन तुटला तर माल वाळलेला, चेपला तर ओला. मग ओलावा मोजायचे यंत्र येते. काळपट, डागी दाणा किती, माती आणि काडीकचरा किती, हे नजरेनेच जोखले जाते. हमीभावाने खरेदी करणारे 'नाफेड'चे केंद्र तर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल परत पाठवत असे; नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. दारात बनीम भिजलेली असताना हे तीन टक्के फार मोठे असतात.

या मुठीमागे कारखानदाराचा हिशेब असतो. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे भाव ठरतो तो तेल आणि पेंड या दोहोंच्या किमतीवर. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. पेंड कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जाते, उरलेली निर्यात होते. तेल असो की पेंड, जगात दोन्हींचा भाव शिकागोच्या आकड्याशी ताडून पाहतात.

शिकागोचा धान्य-वायदे बाजार १८४८ सालचा आहे. सोयाबीनचे वायदे तिथे १९३६पासून होतात. भाव बुशेलमध्ये सांगतात. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे २७.२ किलो, म्हणजे आपल्या क्विंटलमध्ये सुमारे ३.६७ बुशेल बसतात. सप्टेंबर २०२५मध्ये तिथला भाव दहा डॉलरच्या जरासा वर होता आणि डॉलर सुमारे ८८ रुपयांना. दहा डॉलरच धरले तरी क्विंटलला साधारण ३,२३० रुपये होतात. त्याच हंगामासाठी भारताचा हमीभाव होता ५,३२८ रुपये. या दोन आकड्यांमधल्या दोन हजारांच्या फरकात अहमदपूरच्या शेतकऱ्याचा सगळा संसार आहे.

हा फरक टिकतो कशाने? आयातीवरच्या बंधनांनी. अमेरिकेत १९९६पासून तणनाशक सहन करणारे जनुकीय बदल केलेले सोयाबीन पेरले जाते आणि आज तिथल्या पेऱ्यात त्याचा वाटा ९० टक्क्यांहून जास्त आहे. भारताने २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी दिली, पण कोणत्याही जनुकीय खाद्यपिकाच्या व्यापारी लागवडीला दिलेली नाही. तसाच दाणा बाहेरून आणायलाही मुभा नाही, म्हणून अमेरिकेचा स्वस्त दाणा आपल्या बाजारात थेट उतरत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेचे व्यापारमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी भारत अमेरिकेच्या मक्याचा एक बुशेलही का घेत नाही, असा जाहीर सवाल केला, तो याच भिंतीला उद्देशून होता. त्याआधी, ७ ऑगस्टला, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असे सांगितले होते.

मात्र या भिंतीला खिडक्या आहेत. जनुकीय सोयाबीनपासून काढलेले तेल २००७पासून भारतात येऊ शकते. म्हणजे तेल आपल्या कढईत चालते, दाणा आपल्या वावरात चालत नाही. यात बरोबर काय आणि चूक काय, यावर महाराष्ट्रातल्याच शेतकऱ्यांमध्ये दोन तट आहेत. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने खुल्या बाजाराची आणि नव्या तंत्रज्ञानाची बाजू कायम मांडली. जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे संघटनेने बंदी असलेले, तणनाशक सहन करणारे एचटीबीटी कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. दुसरी बाजू म्हणते की बियाण्याचा ताबा कंपन्यांकडे गेला की शेतकरी कायमचा बांधला जाईल, आणि बिगरजनुकीय म्हणून आपल्या पेंडीला परदेशात जे गिऱ्हाईक आहे तेही जाईल. दोन्ही बाजूंकडे शेतकऱ्याच्या हिताचाच दाखला आहे, म्हणून हा पेच सोपा नाही.

२०२१ साली तो सर्वांत उघडा पडला. त्या वर्षी जुलै–ऑगस्टमध्ये सोयाबीनने दहा हजार रुपयांच्या आसपास उडी घेतली. ज्यांनी माल राखून ठेवला होता त्यांना पहिल्यांदाच घामाचे दाम मिळत होते. त्याच वेळी पेंड इतकी महाग झाली की कोंबडीपालकांचे गणित कोलमडले. कोंबडीपालकही शेतकरीच, आणि अंडे हे गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ऑक्टोबरात नवे पीक आले तोवर भाव जवळपास निम्म्यावर आला होता. डिसेंबरात बाजाराची नियामक असलेल्या 'सेबी'ने सोयाबीनचे वायदेच बंद केले आणि ती बंदी पुढे वाढतच गेली. या सगळ्यात व्हाइट हाउसचा हात कुठेही नव्हता. निर्णय दिल्लीत झाला, मुंबईत झाला. पट्टी अहमदपुरात बदलली.

तेलाच्या शुल्काचेही तसेच. १४ सप्टेंबर २०२४ला कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले, तेव्हा विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि लोकसभेला सोयाबीन-कापूस-कांद्याने सत्ताधाऱ्यांना दिलेला दणका ताजा होता. त्या प्रचारात महायुतीने सोयाबीनला सहा हजार आणि काँग्रेसने सात हजार रुपयांचा शब्द दिला. ३० मे २०२५ला, पेरणीच्या तोंडावर, तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले गेले. शहरातल्या गृहिणीला तेल स्वस्त हवे आणि मराठवाड्यातल्या कास्तकाराला तेलबिया महाग विकल्या जायला हव्या. सरकारने एकाला दिले की दुसऱ्याकडून घेतले जाते.

मग अमेरिकी राजकारणाचा थेट हिस्सा कुठला? त्याची सगळ्यात स्वच्छ साखळी कापसात दिसते. ऑगस्ट २०२५मध्ये ट्रम्प प्रशासनाने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियन तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के आयात शुल्क बसवले. अमेरिकेला कपडे विकणाऱ्या कारखान्यांची कोंडी झाली. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून भारत सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. नांदेड-परभणीचा नवा कापूस नेमका याच महिन्यांत बाजारात येतो. चहावर तात्यांना दिलेली शिवी इथे निम्मी लागू पडते. उरलेली निम्मी चर्चा दिल्लीतल्या त्या अधिसूचनेवर व्हायला हवी.

इराणचे उदाहरण याहून कमी बोलले जाते. इराण भारतीय सोयापेंडीचा मोठा खरेदीदार होता, कारण भारत त्याच्याकडून खनिज तेल घेई आणि पैसे रुपयांत चुकते होत. त्या रुपयांत इराण आपल्याकडून पेंड, तांदूळ, चहा घेई. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे मे २०१९मध्ये भारताने इराणी तेल घेणे थांबवले. रुपयांचा तो साठा आटत गेला आणि पेंडीचे हे गिऱ्हाईकही ढिले पडले. वॉशिंग्टन आणि तेहरानच्या भांडणात लातूरच्या कारखान्याचा काय संबंध, असे वाटणाऱ्याने हा धागा ध्यानात ठेवावा.

चीनशी अमेरिकेचे भांडण मात्र आपल्याकडे वाटते तितके सरळ भाव वाढवत नाही. ६ जुलै २०१८ला चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले. २०१७ साली चीनने सुमारे १२ अब्ज डॉलरचे अमेरिकी सोयाबीन घेतले होते. २०१८मध्ये ते तीन अब्जांवर आले. आयोवा आणि इलिनॉयमधली कोठारे भरून राहिली, शिकागोचा भाव पडला आणि ब्राझीलला सोन्याचे दिवस आले. म्हणजे चीनने अमेरिकेकडे पाठ फिरवली की पहिला परिणाम जागतिक भाव उतरण्याचा होतो, चढण्याचा नाही. विशेष म्हणजे चीनचे आजचे अध्यक्ष शी जिनपिंग १९८५ साली हेबेई प्रांतातले तरुण स्थानिक अधिकारी म्हणून आयोवातल्या मस्कटीन गावी शेती पाहायला गेले होते. मका-सोयाबीनचा हा पट्टा निवडणुकीत कुठे उभा राहतो, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

२०२५मध्ये तेच नाट्य पुन्हा झाले. चीनने कित्येक महिने अमेरिकेच्या नव्या पिकाची खरेदीच केली नाही. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले. वर्षअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि पुढची तीन वर्षे दरसाल अडीच कोटी टन घेण्याचे ठरल्याचे अमेरिकेने जाहीर केले. शिकागोचा भाव ११ डॉलरच्या वर गेला. मराठवाड्यात तेव्हा काय होते? ऑगस्ट–सप्टेंबरच्या अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली होती, ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते आणि बाजारात हमीभावाच्या बरेच खाली सौदे निघत होते. काळवंडलेल्या मालाचा भाव शिकागोच्या तेजीवर ठरत नाही, तो खरेदीदाराच्या मुठीतल्या दाण्यावर ठरतो.

धान्याचे हत्यार करण्याचा अमेरिकेचा इतिहास जुना आहे आणि मराठवाड्याने त्याची झळ सोसली आहे. १९६५-६६मध्ये पीएल-४८० या अन्नमदत योजनेखालचा गहू राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. व्हिएतनामवरच्या भारताच्या टीकेचा राग त्यात होता. हरित क्रांतीची निकड तिथून वाढली. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या घरांनी रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाऊन दिवस काढले. ती चव आठवणारी पिढी अजून आहे.

हे हत्यार चालवणाऱ्यावरही उलटते. २७ जून १९७३ला निक्सन सरकारने देशात भाव भडकले म्हणून सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी थोडेच महिने टिकली, पण अमेरिकी सोयाबीनवर अवलंबून असलेला जपान हादरला. त्याने ब्राझीलच्या सेराडो माळरानात शेती उभी करायला पैसा आणि तंत्र दिले. आज सोयाबीन पिकवण्यात ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे. जानेवारी १९८०मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अफगाणिस्तानवरच्या आक्रमणाबद्दल सोव्हिएत संघाचे धान्य रोखले, तेव्हाही फटका अमेरिकी शेतकऱ्यालाच बसला. चढे व्याज आणि जमिनींच्या कोसळलेल्या किमती यांनी तो दशकभर पिचला. तिथेही लिलाव झाले, तिथेही आत्महत्या झाल्या.

त्या वेदनेची दखल अमेरिकेच्या गाण्यांनी आणि सिनेमाने घेतली. जुलै १९८५मध्ये आफ्रिकेच्या दुष्काळासाठी झालेल्या 'लाइव्ह एड' मैफलीत बॉब डिलन यांनी मंचावरून आपल्या शेतकऱ्यांचीही आठवण काढली. २२ सप्टेंबरला विली नेल्सन, जॉन मेलनकँप आणि नील यंग यांनी 'फार्म एड' ही मैफल भरवली, तीही इलिनॉय विद्यापीठाच्या मैदानावर. सुमारे ८० हजार लोक आले. 'कंट्री' या चित्रपटाची नायिका जेसिका लँग हिने संसद सदस्यांपुढे शेतकऱ्यांची कैफियत मांडली. पुढे तिथे १९८७चा कृषी कर्ज कायदा आला.

महाराष्ट्रात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५मध्ये 'नाम फाउंडेशन' काढून आत्महत्याग्रस्त कुटुंबांना हात दिला. 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' आणि 'गाभ्रीचा पाऊस' हे २००९चे चित्रपट याच दुखण्याचे. जुलै २०२५मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने बैलाच्या जागी स्वतःला औताला जुंपल्याची चित्रफीत देशभर फिरली, तेव्हा अभिनेता सोनू सूद यांनी बैल देण्याची तयारी दाखवली. हा चांगुलपणा मनापासून नमस्कार करावा असाच आहे. पण एका घराला बैल मिळाले म्हणून क्विंटलचा भाव बदलत नाही. कलावंतांच्या कळकळीनंतर कायदा हलला का, हा प्रश्न इलिनॉयमध्ये विचारला गेला तसा आपल्याकडेही विचारावा लागेल.

अमेरिकी संसदेत आपला माणूस आहे, असेही हौसेने सांगितले जाते. ते खरे आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२मध्ये मिशिगनमधून तिथल्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले. एप्रिल २०२५मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे प्रस्ताव मांडले. त्यांचे मराठी आत्मचरित्र महाराष्ट्रात घरोघर वाचले गेले. पण त्यांचा मतदार डेट्रॉइटचा आहे आणि ते मांडतील ते त्याच्याच पोटाचे प्रश्न. आयोवाचा खासदार आयोवाचेच मांडतो. २०१८ आणि २०१९ मिळून अमेरिकी सरकारने व्यापारयुद्धाची भरपाई म्हणून शेतकऱ्यांसाठी २८ अब्ज डॉलर जाहीर केले, डिसेंबर २०२५मध्ये आणखी १२ अब्ज. अमेरिकेच्या राजकारणातून शिकण्यासारखी गोष्ट ही आहे: तिथल्या शेतकऱ्याला आपल्या नुकसानीचा आकडा माहीत असतो आणि तो आकडा घेऊन तो आपल्या प्रतिनिधीला गाठतो.

अहमदपूरच्या शेतकऱ्यानेही हेच करावे. शिकागोचा भाव मोबाइलवर रोज दिसतो; त्याला ३.६७ने आणि डॉलरच्या दराने गुणले की जगाचा क्विंटलचा भाव हाती येतो. त्याखेरीज देशातल्या तीन गोष्टींवर लक्ष ठेवले पाहिजे. खाद्यतेलावरचे शुल्क किती आहे? हमीभाव खरेदी केंद्र कधी उघडणार आणि ओलाव्याची अट काय राहणार? आणि मका-तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात सोयापेंडीची जागा घेतो आहे, त्यावर सरकारचे धोरण काय? अहमदपूरचे आमदार बाबासाहेब पाटील डिसेंबर २०२४मध्ये राज्याचे सहकारमंत्री झाले आणि लातूरचा खासदार दिल्लीत बसतो. ट्रम्प यांना प्रश्न विचारण्याची सोय आपल्याला नाही. या दोघांना विचारण्याची आहे. पुढच्या पेरणीआधी, हातात आकडे घेऊन, हे तीन प्रश्न त्यांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.